‘सोस’ म्हणण्याचा अधिकार

एखाद्या घरात अकाली मृत्यू झाला की सांत्वनाला आलेल्यांपैकी कोणीतरी हलक्या आवाजात म्हणतेच, ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले.’ हे वाक्य बायबलमधले आहे, ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायातले आहे, आणि ते म्हणणाऱ्याच्या हेतूवर शंका घ्यावी असे सहसा काही नसते. पण ते मुळात कोणाच्या तोंडी आहे, हे आपण विसरून जातो. सात मुलगे आणि तीन मुली घर कोसळून एकाच वेळी मेल्याची बातमी ज्याच्या कानी नुकतीच पडली, त्या बापाचे, ईयोबाचे, ते उद्गार आहेत. अंगावरचा झगा फाडून, डोके मुंडून, जमिनीवर पालथा पडून तो ते स्वतःच्या दुःखाविषयी बोलतो. शेजाऱ्याने ते त्याला ऐकवलेले नाहीत. तेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून आले की समर्पणाच्या उद्गाराची गप्प बसण्याची सूचना होते.

दुःख सोसण्याविषयी बायबल काय सांगते, हा प्रश्न केवळ श्रद्धावंतांच्या अभ्यासाचा नाही. नवऱ्याचा मार खाणारी स्त्री घराबाहेर पडते की नाही, मजुरी बुडालेला कामगार दाद मागतो की नाही, मूल गमावलेल्या आईला रडण्याची मुभा मिळते की नाही, हे अनेकदा तिच्या किंवा त्याच्या धर्मगुरूने कोणते वचन उघडून दाखवले यावर ठरते. म्हणून मला येथे दोन गोष्टी मांडायच्या आहेत. एक म्हणजे, या विषयावर बायबलचे एक मत नाही. त्यात अनेक मते आहेत आणि ती एकमेकांना छेद देतात. दुसरी अशी, की ही मते वाचताना ‘काय म्हटले आहे’ याइतकाच ‘कोण, कोणाला, स्वतः कोठे उभे राहून म्हणत आहे’ हा प्रश्न निर्णायक ठरतो, आणि ‘धीराने सोसा’ असा सरसकट उपदेश करणारे नेमका हाच प्रश्न टाळतात.

सर्वांत परिचित मत बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे: आज्ञा पाळल्या तर आशीर्वाद, मोडल्या तर शाप. ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तकही बहुतांशी याच वाटेने जाते. नीतिमानावर अरिष्ट येत नाही, असे तेथे स्पष्ट वाक्य आहे. सदतिसाव्या स्तोत्राचा कवी तर म्हातारपणी सांगतो, की नीतिमानाला टाकून दिलेले मी कधी पाहिले नाही. (त्याने फारसा प्रवास केला नसावा, असे वाटून जाते.) आज हे मत कठोर वाटते, पण त्याचा जन्म कशातून झाला ते लक्षात घेतले पाहिजे. इ. स. पू. ५८७-८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले आणि तेथील यहुदी लोकांना बंदिवासात नेले. तेव्हा ‘हे आमच्याच पापांमुळे झाले’ असे म्हणणारे लोक हरलेले होते आणि ते स्वतःविषयी बोलत होते. पराभवाला कारण असेल तर इतिहास अगदीच निरर्थक ठरत नाही, आणि कारण आपल्या वागण्यात असेल तर परतीचा रस्ता उघडा राहतो. विजेत्या बाबेलच्या एखाद्या सरदाराने त्यांना हेच ऐकवले असते, तर त्यात ना पश्चात्ताप उरला असता ना आशा.

ईयोबाच्या पुस्तकात हेच घडते. बेचाळीस अध्यायांच्या या पुस्तकाचा आरंभ आणि शेवट गद्यात आहे, मधला मोठा भाग काव्यात. लोक आरंभ वाचतात, शेवट वाचतात आणि ‘सहनशील ईयोब’ घेऊन घरी जातात. मधल्या काव्यातला ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देव आपल्याला शत्रू समजून आपल्यावर बाण सोडतो आहे असे म्हणतो, आणि देवाशी समोरासमोर वाद घालण्याची मागणी करतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. सबंध पुस्तकात त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. तोंड उघडल्यावर मात्र त्यांच्या मुखातून अनुवाद आणि नीतिसूत्रे यांचीच शिकवण बाहेर पडते: निरपराध माणूस कधी नाश पावला आहे काय? बिल्दद तर मेलेल्या मुलांच्या बापाला सांगतो, की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, त्याचे फळ त्यांना मिळाले. आणि ईयोब माघार घेत नाही असे दिसल्यावर बाविसाव्या अध्यायात अलीफज त्याच्यावर सरळ आरोप रचतो: तू तान्हेल्याला पाणी दिले नाहीस, विधवांना रिकाम्या हाती पाठवलेस. यांतले काहीच घडलेले नाही, हे वाचकाला पहिल्या अध्यायापासून ठाऊक असते. सिद्धांत टिकावा म्हणून दुःखी माणसाच्या माथी पाप मारावे लागते, ही प्रक्रिया इतक्या बारकाईने फार थोड्या प्राचीन ग्रंथांनी टिपली असेल.

वाचकाला आणखी एक गोष्ट माहीत असते, जी ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. सैतान विचारतो, ईयोब काय देवाचे भय फुकट बाळगतो? आणि दुसऱ्या अध्यायात देव सैतानाला म्हणतो, की त्याचा विनाकारण नाश करायला तू मला चिथावलेस. हिब्रूमध्ये दोन्ही ठिकाणी ‘हिन्नाम’ हा एकच शब्द आहे. ज्या दुःखाला मित्र कारण शोधत बसले आहेत, ते विनाकारण आहे असे देवच आरंभी कबूल करून बसला आहे. वादळातून तो बोलतो तेव्हाही कारण सांगत नाही. रानबकऱ्या, शहामृग आणि लिव्याथान नावाचा अक्राळविक्राळ जलचर यांच्याविषयी बोलतो. ते उत्तर मला पुरेसे वाटत नाही, पण पुढचा निवाडा अत्यंत महत्त्वाचा आहे. बेचाळिसाव्या अध्यायात देव अलीफजला सांगतो, की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे शिव्याशाप देणारा, जाब मागणारा यथार्थ बोलला, आणि देवाची बाजू मांडणारे शास्त्रशुद्ध धर्मपंडित चुकले. त्यांना सात बैल आणि सात मेंढे अर्पावे लागले. शेवटी ईयोबाची संपत्ती दुप्पट होते आणि त्याला पुन्हा दहा मुले होतात. मुलांची संख्या मात्र दुप्पट होत नाही, आणि पहिली दहा परत येत नाहीत, हे निवेदक न बोलता तसेच राहू देतो.

येशूने हा कारणमीमांसेचा धागा दोन ठिकाणी तोडला आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, ती काय यरुशलेमातल्या इतर सगळ्यांपेक्षा अधिक अपराधी होती? नाही, असे तो स्वच्छ सांगतो. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? दोघांचेही नाही, असे उत्तर येते. शिष्य त्या आंधळ्याविषयी त्याच्या देखत, त्याला न विचारता चर्चा करत आहेत, हा तपशीलही नजरेतून सुटू नये.

दुसरी परंपरा विलापाची आहे, आणि धर्मोपदेशात तिची सर्वाधिक उपेक्षा झाली आहे. दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास स्तोत्रे गाऱ्हाण्याची आहेत. ‘किती काळ?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. चव्वेचाळिसाव्या स्तोत्रात लोक म्हणतात, आम्ही तुला विसरलो नाही, करार मोडला नाही, तरी तू आम्हाला कापायच्या मेंढरांसारखे केलेस. आणि मग देवालाच हाक मारतात, ऊठ, का झोपला आहेस? अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात संपते. बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी येणारे आभार किंवा भरवसा तेथे नाही. ज्यांनी स्तोत्रांचा संग्रह केला त्यांना एखादी सांत्वनाची ओळ शेवटी जोडणे अवघड नव्हते. त्यांनी ती जोडली नाही, आणि उपासनेच्या पुस्तकात हे स्तोत्र तसेच ठेवले. विलापगीताचे पाच अध्याय आहेत, त्यांतले चार हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत, जणू ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत रडून घ्यावे. प्रवचनांतून ऐकू येतात त्या मात्र तिसऱ्या अध्यायातल्या, देवाची दया रोज सकाळी नवी होते असे सांगणाऱ्या दोन-तीन ओळी. पुस्तक त्यांच्यावर संपत नाही. तू आमचा पुरता अव्हेर तर केला नाहीस ना, या शंकेवर संपते. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी मार्कने जे वाक्य ठेवले आहे, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, तेही बाविसाव्या स्तोत्राची, म्हणजे विलापाची, पहिली ओळ आहे.

‘उपदेशक’ या पुस्तकाच्या लेखकाचा पवित्रा यांहून निराळा आहे. चौथ्या अध्यायात तो पिडलेल्यांची आसवे पाहतो आणि त्यांना सांत्वन देणारा कोणी नाही, असे एकाच वचनात दोनदा लिहितो. उपाय तो सांगत नाही आणि धीर धरायलाही सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल, की नव्या करारात, म्हणजे बायबलच्या उत्तरभागात, तर धीर धरण्याचाच उपदेश आहे. तो आहे, आणि तो द्वितीयपुरुषी आहे, हेही खरे. पण तेथे वापरलेला शब्द पाहण्यासारखा आहे. ग्रीक ‘हुपोमोने’ या शब्दाचा धातुगत अर्थ ओझ्याखाली टिकून राहणे असा आहे. त्यात पाय रोवण्याची छटा आहे. मराठीत ‘सोसणे’ आणि ‘धीर धरणे’ यांत जे अंतर आहे ते येथे उपयोगी पडते. सोसणारा निमूट असू शकतो. पण धीर एकवटून माणूस उभा राहतो, बोलतो, लढतोही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ईयोबाविषयी हाच ‘हुपोमोने’ शब्द आला आहे, आणि मधल्या काव्यातला भांडणारा ईयोब वाचलेल्याला तो शब्द अजिबात विसंगत वाटणार नाही. त्याच अध्यायाची सुरुवात कशाने होते, हेही पाहावे: ज्या मजुरांनी तुमची शेते कापली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि त्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे, असे याकोब धनवानांना बजावतो. त्यानंतर तो बांधवांकडे वळून धीर धरा म्हणतो. पहिली सहा वचने गाळून सातव्यापासून वाचायला सुरुवात करणाऱ्याने याकोबाचे म्हणणे उलटे केलेले असते.

प्रेषित पौलाचेही तसेच आहे. संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा निर्माण होते, असे रोमकरांस लिहिताना तो ‘आम्ही’ म्हणतो, आणि तसे म्हणण्याचा अधिकार त्याने पाठीवर मिळवलेला आहे: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा फुटलेले गलबत. शरीरातला काटा त्याने शेवटी स्वीकारला, पण तो दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केल्यानंतर. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) जिवावर बेतले तेव्हा तो पाटीत बसून तटावरून खाली उतरला आणि निसटला. फिलिप्पैमधला प्रसंग तर विशेष बोलका आहे. पौल आणि त्याचा सहकारी सीला यांना चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले गेले. मध्यरात्री ते स्तोत्रे गात होते. प्रवचन साधारणपणे येथे थांबते. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप निघून जाण्याचा निरोप धाडला, तेव्हा पौलाने नकार दिला: आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला चारचौघांत मारले, आता चोरून काय घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. आणि त्यांना यावे लागले. रात्री गाणारा आणि सकाळी हिशेब मागणारा माणूस एकच आहे.

इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांची यादी आहे. काही जण तलवारीच्या धारेपासून निसटले, असे चौतिसावे वचन सांगते. काही जण तलवारीने मारले गेले, असे सदतिसावे. दोघांचेही श्रेय एकाच विश्वासाला दिले आहे. निसटणाऱ्याचा विश्वास कमी होता, असे लेखक सूचितही करत नाही. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा.

आणखी एक भेद येथे केला पाहिजे, कारण तो नेहमी पुसला जातो. नव्या करारातला धीराचा उपदेश मुख्यतः श्रद्धेपायी होणाऱ्या छळाविषयी आहे. तेथे माणसापुढे निवड असते, श्रद्धा नाकारली तर छळ थांबू शकतो, आणि धीर म्हणजे ती न नाकारणे. आजाराविषयी शुभवर्तमानांचा (येशूची जीवनकथा सांगणाऱ्या चार पुस्तकांचा) सूर पूर्ण वेगळा आहे: कोणत्याही आजारी माणसाला येशू ‘हे दुखणे तुझ्या भल्याचे आहे, सोस’ असे सांगत नाही, तो त्याला बरे करतो. आणि जुलूम ही तिसरीच गोष्ट. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) इस्राएली गुलामांचा आक्रोश ऐकून देवाने त्यांना अधिक सोशिक केले नाही, बाहेर काढले. छळाविषयीची वचने कर्करोगाला किंवा घरातल्या मारहाणीला लावणे ही अर्थाची चोरी आहे. ‘पुरेसा विश्वास ठेवला असतास तर बरा झाला असतास’ हा, श्रद्धेने आरोग्य आणि पैसा मिळतोच असे मानणाऱ्या समृद्धीवाद्यांचा सल्ला वरकरणी याच्या उलट दिसतो, पण तोही अलीफजचाच वंशज आहे.

वचने वेचण्याचा परिणाम किती दूर जातो, याचे लिखित उदाहरण उपलब्ध आहे. १८०७ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामांसाठी बायबलमधील निवडक भागांचे पुस्तक छापले गेले. प्रॉटेस्टंट बायबलच्या १,१८९ अध्यायांपैकी त्यात २३२ होते. इस्राएल लोक मिसरातून सुटल्याची कथा गाळलेली होती. ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही, हे गलतीकरांस पत्रातले वचन गाळलेले होते. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हा उपदेश ठेवलेला होता. संपूर्ण पुस्तक हाती दिले तर ते गुलामगिरीला धोकादायक ठरेल, हे संपादकांना पुरते उमजले होते. एका अर्थी बायबलच्या बहुविधतेची ती कबुलीच आहे, आणि ती विरोधी पक्षाकडून आलेली आहे.

असे असले तरी सगळा दोष वेचणाऱ्यांवर ढकलून मोकळे होता येत नाही, कारण ग्रंथातच अशी स्थळे आहेत जी माझ्या मांडणीला टोचतात. हागार हे त्यांतले पहिले. सारायने छळलेली ही मिसरी दासी गरोदरपणी रानात पळून जाते, आणि परमेश्वराचा दूत तिला म्हणतो, आपल्या धनिणीकडे परत जा आणि तिच्या हाताखाली राहा. पळालेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नका, असा स्पष्ट नियम अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. हागारची कथा ज्यात आहे त्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातला दूत त्याच्या नेमके उलट वागतो. एकट्या गरोदर स्त्रीचा रानात निभाव लागला नसता, असे समर्थन केले जाते. ते व्यावहारिक आहे, पण माझे त्याने समाधान होत नाही. एवढे खरे, की कथा हागारला मुकी ठेवत नाही. ती देवाला ‘पाहणारा देव’ असे नाव देते, आणि तिच्या मुलाच्या नावाचा, इश्माएलचा, अर्थ ‘देव ऐकतो’ असा आहे. तिचे दुःख चांगले होते असे मात्र दूतही म्हणत नाही.

दुसरे स्थळ अधिक अवघड आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय दासांना सांगतो, की केवळ चांगल्या धन्यांच्याच नव्हे, तर कठोर धन्यांच्याही अधीन राहा. चांगले करून मार खाल्ला आणि तो धीराने सोसला तर ते देवाला पसंत आहे. ख्रिस्तानेही दुःख भोगून तुमच्यासाठी कित्ता घालून दिला. तिसरा अध्याय ‘त्याचप्रमाणे’ या शब्दाने स्त्रियांकडे वळतो, आणि मार खाणाऱ्या किती बायकांना या एका ‘त्याचप्रमाणे’ने घरी परत पाठवले असेल, याची मोजदाद कोणाकडे नाही. हे पत्र अशा माणसांना लिहिले आहे ज्यांच्या हाती कायदा नव्हता, न्यायालय नव्हते, पळून जायला जागा नव्हती. ज्या दुःखातून सुटकाच नाही त्याला निदान अर्थ तरी मिळावा, हा त्यामागचा प्रयत्न समजू शकतो. पण जिला पोलीस ठाणे गाठता येते, माहेर गाठता येते, तिला तेच वाचून दाखवणारा स्वतः मार खात नसतो. दासाने स्वतःच्या जखमेचा असा अर्थ लावला तर तो त्याचा हक्क आहे. त्याच्या वतीने धन्याने किंवा पाळकाने तो लावणे म्हणजे अलीफजच्या जागी जाऊन बसणे आहे.

शिवाय पत्र ज्या कित्त्याचा दाखला देते, तो कित्ता शेवटपर्यंत गिरवायचा तर त्यातली एकही ओळ सोडून चालणार नाही. दुसरा गाल पुढे करायला सांगणारा येशू माजी महायाजक हन्नासमोर बांधलेल्या अवस्थेत उभा असताना एका शिपायाने त्याच्या थोबाडीत मारली. योहानाच्या अठराव्या अध्यायात हा प्रसंग आहे. येशूने त्याला उलट मारले नाही, शापही दिला नाही. पण तो गप्पही राहिला नाही. ‘मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते दाखव, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस?’ असे त्याने त्या शिपायाला तोंडावर विचारले. शिपायाने काय उत्तर दिले ते योहान लिहीत नाही. हन्नाने येशूला तसाच बांधलेला त्या वेळचा महायाजक कयफा याच्याकडे पाठवून दिला.